न्यायला गाडी, सोडायला रिक्षा

काही प्रकरणं आठवावी लागतात. हे एक प्रकरण मी विसरू पाहतो आणि ते काही जमत नाही.

नवी मुंबईतल्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो. इमारतींचे नकाशे करणाऱ्या एका कंपनीचे मालक तक्रार घेऊन आले. लोकांना घरून काम करता यावं म्हणून त्यांनी ऑफिसच्या सर्व्हरवर बाहेरून येण्याची सोय करून घेतली होती. त्याच वाटेने कोणीतरी एका मोठ्या टेंडरच्या फाइली पळवल्या होत्या. ती सोय बसवणारा त्यांचा सिस्टिमवाला दिवाळे गावचा, कोळ्याचा मुलगा, घरातला पहिला पगारदार. दुसऱ्या दिवशी ठाण्यात निनावी फोन आला की सगळ्या चाव्या त्याच्याकडेच आहेत, त्यालाच धरा. मला तेवढं पुरलं.

सकाळी होड्या धक्क्याला लागल्या होत्या, त्याची आई मासळी विकायला बसली होती. तिथेच गाडी उभी केली आणि अख्ख्या गावादेखत त्याला आत बसवलं. फोन केला असता तरी तो आला असता, पण आमची खाकीची मिजास!

चौकशीत तो एकच सांगत राहिला. बाहेरून सर्व्हरवर शिरताना पासवर्डनंतर एक कोड लागतो; प्रत्येकाचा कोड ज्याच्या त्याच्या मोबाइलवर येईल अशी व्यवस्था त्याने केली होती. मालकांना ती कटकट वाटली, म्हणून सगळे कोड रिसेप्शनवरच्या एकाच मोबाइलवर आणायला लावले.

"साहेब, हे धोक्याचं आहे असा मी मेल केला होता. वाचा तरी."

बघू, म्हणालो. वाचला नाही. असली गाऱ्हाणी रोज ऐकायची सवय झालेली.

दुपारी, हा कधीपासून कामाला आहे एवढंच विचारायला मी कंपनीत फोन लावला. मी 'हॅलो' म्हणायचा अवकाश, रिसेप्शनवरच्या बाई म्हणाल्या, "सर, कोड ना? घ्या लिहून," आणि सहा आकडे वाचून मोकळ्या. कोण बोलतंय हे विचारलंसुद्धा नाही!

बाईंना लगेच बोलावून जबाब घेतला. नोकरी सोडून गेलेले मॅनेजर अजून कोड मागतात, मालकांचा पासवर्ड त्यांना पाठ आहे, असं त्यांनी सांगितलं. जुने सर, त्यांना नाही कसं म्हणायचं? संध्याकाळपर्यंत त्या मॅनेजरने कबुली दिली. निनावी फोनही त्याचाच होता. आपण भारी कुलूप लावतो आणि किल्ली दाराशेजारच्या खिळ्याला अडकवतो, हे तेव्हा कळलं.

त्या सिस्टिमवाल्या मुलाची आई रिकामी पाटी घेऊन सकाळपासून बाहेर बसली होती. पोरगा निर्दोष आहे, घेऊन जा, असं मी तिला सांगितलं. ती हलली नाही.

"साहेब, न्यायला गारी आनलीत ना, मंग सोरायलाबी गारीच द्या. सगल्या गावाला दिसू दे."

गाडी बंदोबस्ताला गेली आहे, असं सांगून मी त्यांना रिक्षाने पाठवलं.

पोलीस केस झालेला माणूस नको, म्हणून कंपनीने त्याला काढलं. दुसरीकडेही कोणी घेतलं नाही. आता तो होडीवर जातो. एकदा मासळी घ्यायला गेलो तेव्हा त्याच्या आईने मला ओळखलं, वजन करून दिलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

संशय घ्यायचा तो सगळ्यांसमोर आणि चूक मान्य करायची ती चार भिंतींत, असं मी वागलो. ही लाज माझी मला आहे.

गाडी त्या संध्याकाळी ठाण्याच्या आवारातच उभी होती.