अक्षतांचा पाऊस आणि लांजेवारकाकांचं कुलूप

"लांजेवार, पासवर्ड सांगा म्हणतो ना मी! तासाभरात वेबसाइट बंद होऊन राहिली!"

भोयरसाहेबांचा हा आवाज भिलाईतल्या आमच्या मराठी मंडळाच्या हॉलमधून निघाला तो थेट पावर हाउसच्या चौकात पोचला आणि तिथल्या चार ऑटोवाल्यांनी ब्रेक मारले. ज्यांना हे खोटं वाटतं, त्यांनी आमच्या अध्यक्षांना ओरडताना ऐकलेलं नाही. ज्यांच्यावर ते ओरडत होते ते लांजेवारकाका मात्र खुर्चीत बसून शर्टाच्या टोकाने चष्मा पुसत होते. समोर टेबलावर त्यांचा मोबाइल पालथा ठेवलेला. भोयरसाहेबांच्या कानाला त्यांचा स्वतःचा फोन होता आणि त्यावर कुणीतरी गोड हिंदीत सांगत होतं, की मी वेबसाइट ठेवणाऱ्या कंपनीतून बोलतोय, सहाच्या आत मुख्य पासवर्ड किंवा मोबाइलवर येणारा कोड मिळाला नाही तर सगळं पुसलं जाईल. दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळाचा वधू-वर मेळावा होता. सगळी स्थळं त्याच वेबसाइटवर होती. पाच वाजून गेले होते.

काका म्हणाले, "कुलूप माह्यं हाय साहेब. मीच काढीन."

हे वाक्य काकांनी जन्मभर सांभाळलं. भिलाईच्या स्टील प्लांटात ते इलेक्ट्रिशियन होते. तिथली रीत अशी, की मशीन दुरुस्तीला घेतलं की त्याच्या स्विचला आपलं कुलूप लावायचं, आपल्या नावाची पाटी अडकवायची आणि चावी आपल्या खिशात ठेवायची. ज्याने लावलं त्यानेच काढायचं, मग समोर कुणी का उभा असेना. निवृत्तीनंतरही ही रीत सुटली नाही. घरी मिक्सर पुसायला घेतला तरी प्लगला पाटी लटकायची: 'काम चालू, लांजेवार'. काकू म्हणत, आमच्याकडे चटणी हवी असेल तर आधी परमिट काढावं लागतं.

मी एकदा विचारलं, एवढं कावून? काकांनी सांगितलं, की भिलाईला येण्याआधी, विशीत, एका लहानशा कारखान्यात चहाला जाताना त्यांनी चावी दोस्ताच्या हातात दिली होती; कुणीतरी ती त्याच्याकडून मागून नेली आणि मशीन सुरू केलं, तेव्हा दोस्ताचा हात आतच होता. "दोस्त हाय अजून," काका म्हणाले. "दोन बोटं नाहीत."

आता माझं पाप सांगतो. आधीची वेबसाइट मी सांभाळत असे. वेबसाइटला मागून एक स्वयंपाकघर असतं, तिथून मजकूर आणि फोटो पुढे वाढायचे. त्याला सीएमएस म्हणतात. आमचं स्वयंपाकघर सगळ्यांना उघडं होतं. पासवर्ड एकच, मंडळाचं नाव, आणि तो हॉलमधल्या कॅलेंडरवर लिहिलेला. आपलीच माणसं, म्हणून. त्यात मला वाटलं, लग्नाची वेबसाइट आहे तर पानावर अक्षता पडायला हव्यात. कुठूनतरी एक फुकटचं जोडकाम, म्हणजे प्लगइन, उतरवून घेतलं. काय सांगू, अक्षता अशा पडत की दोन मुंडावळ्या बांधल्या तर कॉम्प्युटरचंच लग्न लागलं असतं! महिन्याभरात अक्षतांमधून जुगाराच्या जाहिराती पडू लागल्या. मग स्मृति नगरच्या माझ्या भाचीला अनोळखी पुरुषांचे फोन सुरू झाले. तिचा नंबर, फोटो, पत्ता, सगळं त्या जोडकामाच्या वाटेने बाहेर गेलं होतं. पोरीने नंबर बदलला, ऑफिसचा रस्ता बदलला. माझ्याशी ती दोन महिने बोलली नाही.

नवीन सीएमएस निवडायला बैठक बसली, तेव्हा भोयरसाहेबांचे मोहन नगरचे मेहुणे स्वतः बनवलेलं घेऊन आले. कुणालाच माहीत नाही म्हणजे कुणी फोडणारच नाही, हे त्यांचं म्हणणं. काकांनी विचारलं, तुम्ही गावाला गेल्यावर त्यात बिघाड झाला तर कुणाला कळेल? मेहुणे चहा पीत राहिले. दुसरं होतं ते नावाजलेलं, पण त्याला तीस जोडकामं लागत होती. "जेवढे नट, तेवढे ढिले होतीन," काका म्हणाले. तिसरं दिसायला अगदी रुक्ष होतं. पण दुरुस्त्या वेळच्या वेळी आपोआप येत, प्रत्येकाला वेगळा पासवर्ड, वर मोबाइलवर कोड, आणि कोणी काय बदललं याची नोंद. अक्षता नाहीत, म्हणून भोयरसाहेब नाराज होते. काकांनी एवढंच विचारलं, "तुमाले जे पसंत हाय, त्यात पहिला फोटो आपल्या घरच्या पोरीचा टाकाल का?" तिसरं पक्कं झालं. पहिला फोटो काकांच्या नातीचा चढला आणि मुख्य चावी, म्हणजे मुख्य पासवर्ड, काकांकडे राहिली.

तीच चावी आता भोयरसाहेब मागत होते. प्लांटात ते अधिकारी आणि काका त्यांच्या हाताखालचे. अधिकाऱ्याचा तो जुना आवाज त्यांना अजून काढता येत होता. साडेपाच झाले. माझ्या भाचीने त्या फोनच्या जाचानंतरही, केवळ माझ्या विनवणीवरून, नव्या वेबसाइटवर परत आपलं नाव घातलं होतं. सगळं पुसलं गेलं तर तिला कोणत्या तोंडाने सांगणार? मीही म्हणालो, "काका, देऊन टाका."

पावणेसहाला टेबलावरचा मोबाइल थरथरला. पासवर्ड बदलायचा कोड आला होता. माझा हात आपोआप तिकडे गेला. काकांनी त्या मोबाइलवर पंजा ठेवला. असा पंजा, की भट्टीवर ठेवला असता तर भट्टी निवली असती.

"बंद पडू दे," ते म्हणाले. "बंद मशीनमंदी कोनाचा हात जात नाही."

सहा वाजले. फोनवरचा गोड माणूस एक घाण शिवी देऊन गडप झाला. मी घाबरत वेबसाइट उघडली. काकांची नात, माझी भाची, सगळ्या पोरी जिथल्या तिथे हसत होत्या. नंतर कळलं, वेबसाइट ठेवणाऱ्या कंपनीतून कुणी फोन केलाच नव्हता.

काकांना जाऊन आता दोन वर्षं होतील. मुख्य चावी माझ्याकडे आहे आणि मी ती भाचीलाही सांगत नाही. पण त्या संध्याकाळी भोयरसाहेब पाणी पिऊन, आवाज खाली आणून काकांशेजारी बसले, ते मला जास्त आठवतं.

"लांजेवार, तो चोर हाय हे तुमाले आधीच समजलं होतं ना?"

काकांनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

"नाही," ते म्हणाले. "मले वाटलं, बंदच पडंल."