मीटरचा अर्धा तास आणि तिसरं मशीन

शिरूर कासारला आमची छोटी गिरणी आहे. तिथे मोटार चालू करायची एक पद्धत होती. बटणाला हात लावण्याआधी आई ओरडायची, "बंद करा गं समदं!" मग पंखा बंद, बल्ब बंद, दळण घेऊन आलेल्या बायांचे चार्जिंगला लावलेले मोबाइलसुद्धा काढायचे. मोटार उठताना झटका घेते, तो मीटर पकडतं आणि मंजूर भार ओलांडला म्हणून दंड लागतो, असं आम्हाला पक्कं वाटायचं. लहानपणी पंखा बंद करायचं काम माझं होतं आणि मी ते फार इमानदारीने करायचे.

मग मी अंबाजोगाईला इलेक्ट्रिकल डिप्लोमाला गेले. घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. एक दिवस सरांनी सांगितलं की मीटर त्या क्षणाच्या झटक्यावर मागणी ठरवत नाही. अर्ध्या तासात एकूण किती वीज गेली ते धरून त्याची सरासरी काढतं. महिन्यातल्या अशा सगळ्या अर्ध्या तासांतली सगळ्यात मोठी सरासरी म्हणजे आपली मागणी. मला वर्गातच हसू फुटलं. सरांनी कारण विचारलं, तर पंख्याचं सांगायचा धीर झाला नाही.

उन्हाळ्यात घरी आले तर गिरणीत शेवयांचं नवंकोरं मशीन! दुकानदाराने शनिवारपर्यंत चालवून बघायला दिलं होतं. मशीन राहिलं तर आईला जोडीला कायमची बाई लागणार होती, आणि ती म्हणजे काकू. काका-काकू दरवर्षी ऊसतोडीला जातात; तिथे नवरा-बायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात. "मशीन राहिलं तर यंदा कोयता न्हाई," असं काकाने कबूल केलं होतं. पण भाराची बेरीज जमत नव्हती. गिरणीला सात किलोवॅट, मिरची कांडपाला सहा, शेवयांना चार, म्हणजे सतरा. मंजूर पंधरा.

"दे परत धाडून," आई म्हणाली.

मी घाबरत घाबरत म्हणाले, "कांडप पंधरा मिनिटं चालू, पंधरा मिनिटं बंद ठेवलं तर अर्ध्या तासात त्याचे तीनच धरले जातील. सात, तीन, चार. चौदा."

"आन् झटका?" काकूने विचारलं.

"टँकरचा पाईप सोडला की पहिली पिचकारी लई जोरात येते ना? पण अर्ध्या तासात टाकी किती भरली, तेवढंच बघायचं."

"नक्की का गं?"

"नक्की... म्हणजे, पुस्तकात तरी तसंच हाय."

"हिच्या पुस्तकाला दंड लागला तर कोण भरंल?" आई म्हणाली. पण तिनेच तिन्ही बटणं दाबली, पंखा चालू ठेवून! तिन्ही मशिनं एकदम सुरू झाली. पत्रे थरथरले, मिरचीने तिघींना शिंका सुटल्या, शेवया झरझर खाली येऊ लागल्या आणि काकू त्या दोन्ही हातांनी झेलत ओरडली, "बाई, मीटर बघा, मीटर!"

मीटरवर महिन्यातल्या आतापर्यंतच्या सगळ्यात मोठ्या मागणीचा आकडा होता, बारा पूर्णांक चार. तो हललाच नाही.

"झोपलंय ते!" काकू नाचायलाच लागली. "राहिलं मशीन!"

मला सांगवत नव्हतं, तरी सांगितलं. "काकू, ते अर्धा तास पुरा झाल्यावरच आकडा बदलतं. आत्ताच न्हाई कळायचं."

"मग आधी कावून सांगितलं न्हाईस? फुकट नाचवलीस की मला!"

पंधरा मिनिटांनी आईने कांडप बंद केलं. आम्ही तिघी मीटरसमोर मान वर करून उभ्या राहिलो. मीटरचा अर्धा तास त्याच्या स्वतःच्या घड्याळाने सुरू होतो, त्यामुळे तो कधी संपेल ते मला नीट ठाऊक नव्हतं. मीटरच्या पडद्यावर आकडे एकामागून एक सरकत होते. मागणीचा आकडा फिरून आला, तोच बारा. पुन्हा आला, तोच. मग बदलला. तेरा पूर्णांक सहा.

"पंधराच्या खाली!" मी किंचाळले. "पण थांबा, अजून एक अर्धा तास बघू."

"आता गप!" म्हणत आईने पिठाच्या हातांनी माझे गाल धरले.

काकूने तिथूनच ऊसतोडीच्या मुकादमाला फोन लावला. "आमचा कोयता यंदा धरू नका!" मशिनांच्या आवाजात त्याला काही ऐकू जाईना. "येत न्हाई म्हणते! येत न्हाई!" ओरडून ओरडून दमल्यावर तिने फोन सरळ शेवयांच्या मशीनजवळ नेला, त्यालाच ऐकू दे म्हणून, आणि तसाच धरून हसत उभी राहिली.