फुगडीतली भोवळ

पंचमी म्हटली की मला अजूनही आधी ऐकू येतात त्या कढईत तडतडणाऱ्या ज्वारीच्या लाह्या; मागोमाग येतो त्यांचा किंचित करपलेला, गोडसर वास. त्या वासातच, मुखेडच्या आमच्या अंगणात, माहेरपणाला आलेल्या नणंदेच्या हातात हात गुंफून मी फुगडीला उभी राहिले. फेर चढला, बांगड्या किणकिणल्या, छातीवर कुणी पाटा ठेवावा तसा भार आला आणि मी कोसळले.

डोळे उघडले तर नणंद हसत होती. “वहिनी, हरायचं व्हतं तर आधीच सांगायचं की!”

“फुगडीत न्हाई तर काय बसल्या जागी गरगरंल?” सासूबाई म्हणाल्या. “त्यात कालचा भावाचा उपास. पित्त हाय ते.”

मलाही पटलं. ओव्याचं पाणी पिऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा फेर धरला आणि पुन्हा कोसळले. या वेळी नणंद हसली नाही. तीच मला घेऊन लातूरच्या बसमध्ये बसली.

हृदयाच्या डॉक्टरबाईंना माझ्या ईसीजीत काही सापडेना. “भोवळ आली तेव्हा नेमकं काय झालं?”

“जग फिरलं नाही, विझलं.”

नणंदेने कोपर मारलं. “वहिनी, इथं कविता नको!”

डॉक्टरबाईंचं पेन मात्र थबकलं. “फुगडी थांबल्यावर?”

“नाही, ऐन भरात. आधी छाती दाटली.”

त्यांनी लगेच सीटी अँजिओग्राफी करायला लावली. हृदयाला रक्त पाजणारी माझी उजवी धमनी जन्मापासूनच डावीकडे उगवली होती आणि दोन थोरल्या वाहिन्यांच्या फटीतून अंग चोरून उजवीकडे येत होती. हृदय जोरात धावलं की त्या फटीत ती चिमटायची. असं फार क्वचित आढळतं, डॉक्टरबाई म्हणाल्या. आणि शस्त्रक्रिया टाळली तर एखादी फुगडी शेवटची ठरू शकते.

“आईच्या पोटातच वाट चुकली म्हणायची,” नणंद पुटपुटली. पण माझा हात तिने सोडला नाही.

चिमटलेली वाट शस्त्रक्रियेने मोकळी झाली. घरात मात्र मी काचेचं भांडं झाले. सासूबाई पाण्याची कळशीही उचलू देईनात. मरणाची भीती ओसरली होती. आता भीती होती ती उरलेलं आयुष्य असं फडताळात काढण्याची.

काही महिन्यांनी डॉक्टरबाईंनी मला तपासणीच्या धावत्या पट्ट्यावर चढवलं. पट्टा वेग घेऊ लागला. रबराचा उष्ण वास, कानांत माझेच ठोके, आणि दारातून नणंदेचं “हळू, वहिनी, हळू!” छाती दाटली नाही. पट्टा थांबला तेव्हा मी धापा टाकत होते.

नणंदच पुढे झाली. “डॉक्टरबाई, हिला आता पाटावर बसवून नुसतं हळदकुंकू वाहायचं का?”

डॉक्टरबाईंनी आलेखाची लांब पट्टी शेवटपर्यंत न्याहाळली, चष्मा काढला आणि माझ्याकडे पाहून म्हणाल्या, “खेळा.”