कावळा शिवला तेव्हा

रामेनची, या जपानी नूडल्स-सूपची, वाफ तोंडावर आली की आजही मला तो फोन आठवतो. बाबांच्या दहाव्याला मी बर्लिनमधल्या याच स्वस्त दुकानात बसलो होतो. व्हिसा संपला होता, नव्यासाठी टर्मिन, म्हणजे सरकारी कचेरीतली भेटीची वेळ, मिळत नव्हती; गेलो तर परत येता येणार नाही, म्हणून घरी गेलो नव्हतो. आजूबाजूला सगळे आवाज करत नूडल्स ओढत होते. माझा वाडगा तसाच निवत होता. तेवढ्यात घाटावरून दादाचा फोन आला.

"अरे, तीन तास झाले, कावळा पिंडाला शिवत नाहीये. बाबांचा जीव तुझ्यात अडकलाय. काहीतरी कबूल कर!"

"बाबा, मी कायमचा परत येतो!" मी सगळ्यांसमोर रडत ओरडलो.

"शिवला रे!"

आज समोर माझी मुलगी बसलीये, इथल्या जर्मनमध्ये "लेकर", म्हणजे मस्त, म्हणत रामेन ओरपतेय. बाबा, तुम्ही इतक्या लगेच माझ्यावर विश्वास का ठेवलात?