सातवा रकाना

आमचे हे पोलिसात हवालदार. तीस वर्षं नोकरी झाली, पण यांनी कुणाला साधी चापट मारलेली नाही. लोकांना वाटतं, फार दयाळू. दयाळू कसले, नुसते चिकट. ठाण्यातली काठीची नोंदवही यांच्या ताब्यात. ज्यानं कुणावर काठी उगारली, त्यानं घरी जाण्याआधी यांच्यापुढे बसून बारा रकाने भरायचे. आधी ताकीद दिली होती का, किती वेळा दिली, न मारता भागलं असतं का. मध्येच हे समोरच्याच्या हातात लाकडी पट्टी देतात आणि म्हणतात, "कोपरापासून मारली की खांद्यापासून? दाखवा." त्यात दोन तास मोडतात. त्यामुळे ठाण्यातले सगळे शिपाई गोडीगुलाबीनं काम करतात. यांचं नावच पडलंय, रकानेभाऊ.

घरीही तेच. लेक लहान असताना मी तिला कधी धपाटा घातलाच, तर हे चहाचा कप खाली ठेवून विचारायचे, "याच्याआधी काय काय करून पाहिलंस?" अशानं माझं डोकं फिरायचं.

तर मध्यंतरी ठाण्याला नवे साहेब आले. नाकावर राग. दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी एका सायकल दुरुस्तीवाल्याला चोरीच्या संशयावरून धरून आणलं. बेड्या बाकाला अडकवून बसवलं आणि त्याच्या मनगटावर काठी हाणली. हाड मोडलं. मग यांच्या टेबलाशी येऊन म्हणाले, "लिहा, यानं प्रतिकार केला."

हे म्हणाले, "लिहितो, साहेब. सातव्या रकान्यात विचारलंय, प्रतिकार म्हणजे नेमकं काय केलं?"

"अंगावर धावून आला."

"बाकासकट? मग बाकाचं वजनही लिहावं लागेल."

साहेब चिडून म्हणाले, "अहो, माझ्या तोंडावर शिंकला तो."

यांनी सातव्या रकान्यात लिहिलं, शिंकला. आठव्यात लिहिलं, शिंकू नये अशी ताकीद आधी दिलेली नव्हती.

साहेबांनी दोन दिवसांची मुदत दिली. ते पान फाडा, नाहीतर डोंगरापलीकडच्या चौकीवर जा. तिथे आठवड्यातून एकदा बस जाते.

घरी मी यांना फैलावर घेतलं. "एक पान फाडायला काय जातं तुमचं? पंधरा वर्षांचा शिवणवर्ग आहे माझा. चार मशिनी, अकरा मुली. डोंगरावर काय शेळ्यांना झबली शिवू?"

हे म्हणाले, "फाडता येतं गं. पण मग त्याचा हात कशानं मोडला, ते कुठंच लिहिलेलं राहणार नाही."

दोन दिवस मी यांच्याशी बोलले नाही. पान फाटावं असंच मला वाटत होतं, खोटं कशाला बोलू. पान फाटलं नाही. ते कोर्टापुढे गेलं, सायकलवाला सुटला, साहेबांची चौकशी लागली. पण यांच्या बदलीचा कागद त्याआधीच निघाला होता.

सामान बांधायच्या दिवशी सायकलवाला आपणहून आला. उजवा हात प्लास्टरमध्ये. खाली बसला आणि डाव्या हातानं माझ्या मशिनींच्या स्टँडचे नट सोडवायला लागला. पाना सारखा निसटत होता.

यांनी खिशातून कागद काढला. "बाराव्या रकान्यात उपचाराचं लिहायचं राहिलंय. वही आता नव्या माणसाकडे आहे, त्याला पाठवून देतो. हात कसा आहे?"

"प्लास्टर निघेल महिन्यानं," तो म्हणाला. "पण डॉक्टर म्हणाले, पकड पहिल्यासारखी येणार नाही."

हे लिहायला लागले आणि मध्येच थांबले. चार मशिनींपायी मी काय मागत होते, ते मला तेव्हा कळलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी त्याच्याशेजारी बसले, त्याच्या हातातून पाना घेतला आणि उरलेले नट सोडवायला लागले.

"थांबलात काय?" मी यांना म्हटलं. "लिहा. नुसतं उजवा हात नको, कामाचा हात असंही लिहा."