गोळी लागू पडली का?

अलिबागच्या आमच्या क्लिनिकमध्ये मी नऊ वर्षं मुलांच्या टेस्ट घेतेय, आणि कपाटात रिपोर्ट साठले त्याहून जास्त किस्से डोक्यात साठलेत. टेस्ट साधी. एडीएचडी असलेल्या, म्हणजे लक्ष न टिकणाऱ्या, सतत चुळबुळणाऱ्या मुलाच्या कपाळाला पट्टा बांधायचा आणि त्याला स्क्रीनसमोर बसवायचं. लाल गोल आला की बटण दाबायचं, दुसरं काही आलं तर नाही. वीस मिनिटं! पोर किती हललं, किती चुकलं, ते मशीन मोजतं. एकदा गोळीशिवाय, एकदा गोळी देऊन. फरक दिसला तर गोळी चालू, नाहीतर बंद. पोराचं शाळेतलं पुढचं सगळं त्यावर असतं.

पण आपल्याकडे टेस्ट म्हणजे परीक्षा! काशीदच्या एका मुलाचा गोळीशिवायचा रिपोर्ट इतका छान आला की मलाच शंका आली. त्याच्या आईला खोदून विचारलं. निघताना तिने त्याच्या हातावर दही-साखर ठेवली होती, आणि वर गोळीही दिली होती. आज गोळी द्यायची नाही, हे मी फोनवर दोनदा सांगितलं होतं.

"व्हय, पन एवढ्या लांबून यायचं आनि पोर नापास झालं तर?" ती म्हणाली.

दिवेआगरच्या एका वाडीवाल्या आजोबांनी तर नातवाच्या मागे उभं राहून "दाब, दाब" सुरू केलं. बाहेर काढलं, तर रुसले. समजूत काढायला शेवटी त्यांनाच पट्टा बांधला. चौथ्या मिनिटाला त्यांना झोप लागली. एकही लाल गोल टिपला नाही, पण हालचालीचा आकडा जवळजवळ शून्य.

जागे झाल्यावर तो आकडा पाहून म्हणाले, "बघा, आमच्या घराण्यात हे नाहीच."

शाळेकडूनही एक फॉर्म भरून घेतो. एका गुरुजींनी प्रत्येक प्रश्नापुढे 'कधीच नाही' लिहिलं होतं. जागा सोडतो का? कधीच नाही. इतरांना त्रास देतो? कधीच नाही. मी फोन केला. त्रुटी दाखवली की वरून विचारणा होते, असं त्यांचं म्हणणं. हा कागद वर जात नाही, माझ्या टेबलावरच राहतो, हे त्यांना शपथेवर सांगितलं.

गुरुजी म्हणाले, "मग लिहून घ्या. आत्ता तो पत्र्यावर चढलाय."

एकदा ऐन टेस्टमध्ये लाईट गेली. समोरची मुलगी तोवर खुर्चीवर उभी राहून झाली होती. अंधुक उजेडात तिला भिंतीवर पाल दिसली, आणि ती पंधरा मिनिटं श्वास धरून बघत बसली. मोजायला मशीन बंद! मला फार वाईट वाटलं.

आणि आर्या. नऊ वर्षांची, वडील न्हावा शेव्याला कंटेनरच्या कामावर, रविवारचे घरी येणारे. गोळीचा उपयोग नाही, बंद करा, असा घरच्यांचा धोशा होता. मग त्यांच्या संमतीने आमच्या डॉक्टरबाईंनी एकेका आठवड्याची दोन पाकिटं दिली. एकात खरी गोळी, दुसऱ्यात तशाच दिसणारी व्हिटॅमिनची. कुठली कशात, ते फक्त बाईंकडच्या बंद चिठ्ठीत.

घरच्यांनी ठामपणे सांगितलं, पहिल्या पाकिटाने पोरगी शहाण्यासारखी वागली. जेवली, झोपली, गृहपाठही केला. मशीन मात्र दुसऱ्या पाकिटाच्या बाजूने. बाईंनी चिठ्ठी उघडली. पहिल्या पाकिटात व्हिटॅमिन!

मशीन बरोबर की आई, यावर आमची चर्चा रंगली. शेवटी बाईंनी दुसऱ्या पाकिटाची गोळी लिहायला घेतली, तर आर्या रडवेली झाली. तिला पहिलीच हवी होती. का गं, असं बाईंनी विचारलं.

"त्या गोळीने बाबा आठवडाभर घरी राहतात."