रंग चढला नाही म्हणून

गंगापूर रोडवरच्या एका लॅबमध्ये स्लाइड रंगवणारे एक गृहस्थ होते, निफाडकडचे. रिपोर्टची खिडकीही तेच सांभाळायचे. प्रत्येक गोष्ट दोनदा सांगायचे, एकदा आपल्याला आणि एकदा स्वतःला. ‘रंग चढायला वेळ लागतो ताई, वेळ लागतो.’ काचेवर थेंब सोडताना चेहरा असा, की घरच्या नवरीला हळदच लावताहेत.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. वडिलांच्या फुफ्फुसात कर्करोगाची गाठ निघाली. पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारं एक प्रथिन असतं. ते नाहीसं झालं की पेशी सुटतात आणि आजार पसरू लागतो. ते शाबूत असेल तर स्लाइडवर तपकिरी रंग येतो. डॉक्टरांना तेच पाहायचं होतं, म्हणून गाठीचा तुकडा या लॅबमध्ये दिला होता.

ठरल्या दिवशी रिपोर्ट तयार नव्हता. ‘पुन्हा करतोय, पुन्हा.’

मी भडकले. ‘इथे आमचा जीव टांगणीला लागलाय आणि तुमची रंगरंगोटी संपत नाही!’

ते शांतपणे म्हणाले, ‘वडलांच्या तुकड्याला रंग आला नाय. पण ताडून बघायला शेजारी ठेवलेल्या निरोगी तुकड्यालाही आला नाय. म्हंजे माझंच चुकलं ताई, माझंच. डॉक्टरांनाही तसंच सांगितलंय.’

दोन दिवसांनी रिपोर्ट मिळाला. रंग छान चढला होता. डॉक्टर म्हणाले, ‘स्कॅनही बरा आहे. ऑपरेशन करू या.’

वडील सुखरूप घरी आल्यावर मी माफी मागायला खिडकीशी गेले. तोंड उघडलं, तोच ते म्हणाले, ‘पावती नसंल तर जरा बाजूला व्हा ताई, मागं लोक उभे हायेत.’